बार्बलचं हेअर रिग वैनगंगेत: गळाचं टोक मोकळं ठेवायचं, की झटक्यावर भरवसा?

वैनगंगाकाठ

राजेहो, एक वाद उकरून काढतो.

युरोपात बार्बल नावाचा मासा आहे, आपल्या खडशीचा (महसीरचा) भाऊबंद. मिशांच्या दोन जोड्या, तोंड खालच्या अंगाला, वाहत्या पाण्यात गोट्यांवर तळाशी चरणारा. इंग्लंडात ट्रेंट, सेव्हर्न, वाय या नद्यांवर काही लोक वर्षभर फक्त त्याचाच विचार करतात. टिचकी पडली, झटका मारला, गळ रिकामा, ही रड त्यांचीही जुनीच. त्यावर ते हेअर रिग नावाची गळ बांधायची जी पद्धत वापरतात, ती आपण का उचलू नये, हा माझा सवाल.

आपल्याकडं टिचक्या ढीगभर पडतात, मासे मोजके लागतात, आणि दोष झटक्याला देतो: उशीर झाला, जोर कमी पडला. मी म्हणतो दोष कणकेचा आहे. लिंबाएवढा गोळा, त्यात अख्खा गळ बुडवलेला. मिरगल तो तोंडात ओढते, दाबून पाहते, थुंकते. टोक तेव्हाही कणकेतच असतं. मग झटका मारून उपयोग काय? टोकानं आधी कणीक फाडायची, मग ओठ शोधायचा, तोवर ओठ गेलेला.

हेअर रिगमध्ये आमिष गळावर नसतंच. दोरी गळाच्या दांड्याला गुंडाळून बांधली की तिचं उरलेलं टोक मागं लोंबतं. त्यात आमिष ओवायचं, खाली काडीचा तुकडा अडकवायचा. गळ पूर्ण उघडा. माशानं आमिष ओढलं की गळ मागोमाग आत जातो. थुंकायला गेला की आमिष बाहेर येतं, पण टोक खालच्या ओठात रुततं. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी हे कार्पसाठी काढलं, सुरुवातीला चक्क माणसाचा केस वापरून. बार्बलवाल्यांनी पुढं ते आपलंसं केलं.

माझी मांडणी अशी: ८ किंवा १० नंबरचा गळ (त्या मापात नंबर वाढला की गळ लहान होतो), उकडलेला हरभरा, हरभरा आणि गळाचा बाक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट, दोन फूट दोरी, ऐंशी ग्रॅम शिसं. रहू, मिरगल, सायप्रिनस (कॉमन कार्प), तिघांनाही हेच. कणकेचा गोळा सोडून द्या.

वडशाचा मामा

भाऊ, तुमची कणीक चुकते म्हणून साऱ्यायची कणीक वाईट नोका ठरवू. लिंबाएवढा गोळा लावाले कोनं सांगतलं? मिरगलीले बोराच्या बीएवढी कणीक पुरते, अन् टोक जरासं बाहेर ठेवाचं. मंग झाकलेल्या टोकाचा सवालच कुठी रायला?

दुसरं. टिचकी म्हणजे मासा नाही. मासे दोरीले अंग घासून जाते, काठीचा शेंडा थरथरते, अन् आपन उठून झटका मारतो. तो मासा गरीजवळ गेलाच नव्हता, तर लागन कसा? बारीक मासे टोचून टोचून खाते ती थरथर येगळी, मोठ्या मिरगलीची ओढ येगळी. दोरी बोटावर धरली का फरक हाताले समजते. रॉड स्टँडवर ठेवून मोबाईल पाहणाऱ्याले काय समजन?

तुमाले जे कमी पडून रायलं ते बोट हाये, केस नाही.

वैनगंगाकाठ

मामा, टोक बाहेर असलं तरी बाक आणि टोक यांच्यामधली जागा कणकेनं भरलेलीच असते. ओठ शिरायला खोली नको का? आणि बारीक माशांनी कणीक उडवली की तुमचं बोट रिकाम्या गरीवर पहारा देतं. उकडलेला हरभरा त्यांच्यानं फुटत नाही.

दोरी घासण्याचं मात्र बार्बलवालेही तुमच्यासारखंच सांगतात. शिशाच्या मागं काही अंतरावर दुसरं लहान वजन लावून ते मुख्य दोरी तळाला टेकवतात, म्हणजे माशाच्या अंगाला ती लागत नाही. बारीक टिचक्यांवर झटका मारतच नाहीत. बार्बल खरंच लागला की रॉड एकदम वाकतो, सैल ठेवला असेल तर पाण्यात ओढून नेतो. तिथं बोटाचं काम काय?

सरकीढेप

तुम्ही दोघं गळ आणि आमिषावर भांडून राहिले, शिशाचं कोणीच बोलत नाही. अर्धं काम तर शिशाचं आहे.

हेअर रिग एकटं मासा लावत नाही. त्याच्यासोबत शिसं दोरीवर जवळपास पक्कं बसवलेलं असतं. मासा आमिष घेऊन डोकं वळवतो, लहान दोरी ताणते, वजनाचा हिसका ओठाला बसतो, टोक टोचतं. तो बुजून पळतो आणि पळता पळता गळ स्वतःच खोल रुतवून घेतो. शिसं सरकतं असेल तर हा हिसका बसत नाही, दोरी शिशातून नुसती निघत जाते. तिथं मामांसारखा जागा हात लागतो. हेअर रिग, सरकतं शिसं आणि स्टँडवर सोडून दिलेला रॉड, अशी खिचडी करून ‘आपल्याकडं हे चालत नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिले. दोन पद्धती आहेत, दोन्ही चालतात, पण अर्धी ही आणि अर्धी ती घेतली की दोन्ही बुडतात.

आता दोरीची लांबी. वैनगंगाकाठ भाऊंचं दोन फूट माप वाहत्या नदीतून आलेलं. बार्बलला तीन-चार फूटही देतात, कारण स्वच्छ पाण्यातला, पुन्हा पुन्हा धरून सोडलेला मासा शिशाजवळ यायला कचरतो. पण तिथं धार असते ना! धार दोरी ताणून ठेवते. मासा आमिष घेऊन जरा खाली सरकला की लांब दोरीचीही ढील संपते. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाणी उभं. तिथं दोन फूट दोरी तळावर वेटोळं घालून पडणार. मिरगल जागच्या जागी आमिष उचलणार, दाबणार, थुंकणार, शिशाला खबरही नाही. उभ्या पाण्यात वीतभर दोरी पाहिजे. मार्कंड्याकडं धार सापडली तर दोन फूट लावा.

आणि गळाला धार आहे का ते कोणी पाहतं का? नखावर टोक टेकवून हलकं ओढा. घसरलं तर बदला. खडकावर एकदा घासलेला गळ तसाच बांधून लोक रिगवर वाद घालतात!

तलाववाला

इतकं डोकं कशाले लावता? आमच्या मालगुजारी तलावावर ढेप अन् कणकेचा मोठा गोळा, भोवती सहा गळांचा गुच्छ. मासा गोळा फोडाले आला की एक नाही तर दुसरा गळ लागतोच. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो तळावरचा हरभरा शोधत बसत नाही. गोळ्यातून सुटणारा चुरा पाण्यासोबत ओढून घेते अन् त्यातच गळ तोंडात जाते. प्रश्न मासा लागण्याच्या प्रमाणाचा असेल तर उत्तर गुच्छ. बाकी शौक.

पर्लकोटा

तलाववाले दादा, गुच्छाला मासा कुठं कुठं लागतो तेही लिहा. डोळा, कल्ला, पोट. तोंडात एक गळ गेला की तो फडफडतो आणि बाकीचे मोकळे गळ अंगात शिरतात. काठाशी आला तर तुमचा, पण दोरी तुटून गेला तर तो अंगात गळांचा घोस घेऊन गेला. त्याला तुम्ही कोणत्या हिशोबात धरता? मला तर हे लागणं वाटतच नाही, हे ओरबाडणं आहे.

आणि सरकीढेप दादा, पक्क्या शिशाचं तुम्ही सांगितलंत, पण महत्त्वाचं राहिलं. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा तिन्ही नद्यांत खडक आहेत. मुख्य दोरी खडकावर कापली गेली तर मासा पाऊणपाव शिसं ओढत फिरेल आणि कुठल्या तरी कपारीत अडकून मरेल. बार्बलवाले त्यासाठी ताण आला की शिसं सोडून देणारी क्लिप लावतात, नाहीतर शिसं मुद्दाम कमकुवत दोरीनं बांधतात. शिसं तुटून राहतं, मासा सुटतो. आपल्याकडं पक्कं शिसं म्हणजे दोरीलाच गाठ मारून बसवलेलं. तसं असेल तर मामांचं सरकतं शिसं दहा वेळा बरं.

सरकीढेप

ताई, बरोबर. बारीक दोरीनं टांगलेलं शिसं सगळ्यात स्वस्त. क्लिप शोधत नागपूरला जायची गरज नाही. पण पाऊणपाव नको, ऐंशी ग्रॅम म्हणजे पावशेराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

तलाववाला

ताई, आम्ही खायला धरतो, सोडायला नाही. इंग्रज बार्बल सोडते कारण त्याची अंडी खाल्ली तर माणूस उलट्यांनी आडवा होते. आमची रहू तशी नाही.

पर्लकोटा

अंडी विषारी हे खरं आहे, पण सोडण्याचं कारण ते नाही. तोच मासा वाढून पुन्हा लागावा, यासाठी सोडतात. म्हणून तर लावण्याइतकंच सोडण्यावरही त्यांचं लक्ष असतं. बार्बल झुंजून पार थकतो. उन्हाळ्यात पाणी कोमट आणि प्राणवायू कमी असला की त्याला धारेकडं तोंड करून पाण्यात धरून ठेवावं लागतं, तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत. नुसता फेकला तर उलटा होतो. पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा असतो, जाळीत अडकतो, म्हणून जाळीच्या पिशवीत कोंडून ठेवायचं टाळतात.

तुम्ही खा, माझी ना नाही. खडशी मात्र लागली तर सोडा.

वडशाचा मामा

पोरी, हे बोलनं मले पटलं. गुच्छ मले बी कधी आवडला नाही. घरी आणलेल्या माशाच्या पोटात गरीचे छेद पाहून बुढीही बोलते.

पन बोटाचं कोनी उत्तर देल्लं नाही. धारेत पक्कं शिसं, केस, सारं ठीक. मासा आपनच लागते म्हनता. मंग माणूस कायले पाहिजे काठावर?

वैनगंगाकाठ

मामा, मासा काढायला! 😄

सरकीढेप भाऊ, तुमचं वीतभर दोरीचं मला मान्य नाही. फुगवट्याच्या तळाशी गाळ आहे. ऐंशी ग्रॅम शिसं गाळात रुततं आणि वीतभर दोरी, गळ, हरभरा सगळं सोबत आत ओढतं. मिरगल गाळ हुंगते हे खरं, पण गाळात गाडलेल्या गळाचं टोक कुजक्या पानांनी झाकलं की पुन्हा तीच कणकेची अडचण. मी दोन फूटच ठेवणार.

सरकीढेप

मग शिसं चपटं घ्या, रुतत नाही. नाहीतर ढेपेचा लगदा शिशाभोवतीच दाबा आणि हरभरा त्याच्या वर टेकवा. लगदा विरघळला की आमिष गाळाच्या वर, चाऱ्याच्या ढिगातच राहतं. मासा ढिगात तोंड घालूनच असतो, लांब दोरीची गरजच नाही. दोन फूट दोरीनं आमिष ढिगापासून लांब पडतं, मग चारा टाकून फायदा कोणाचा? बारीक माशांचा.

वैनगंगाकाठ

चपट्या शिशाचं करून पाहण्यासारखं आहे. लगद्याचं नाही पटत, आमच्या काठावर कासवं लगद्यावर आधी येतात.

नवा गडी

मोठी माणसं बोलत आहात, मधेच विचारतो. ढेपेत मोहाची ढेप मिसळली तर? वास जोरदार येतो.

वडशाचा मामा

अजिबात नोको! मोहाच्या ढेपेनं मासे मरते. तलावात मत्स्यबीज सोडाच्या आधी जुने मासे माराले तेच टाकते. सरकीची घे, जवसाची घे, भुईमुगाची घे.

आन् हो, तलाव कोन्या संस्थेकडं ठेक्यानं हाये ते पहिले विचार. ढिवर भावांचं पोट त्याच्यावर हाये, आपला शौक हाये.

पर्लकोटा

मेळघाट, पेंचच्या आतलं पाणी तर विचारायचंच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

तलाववाला

बरं बाप्पा, रहूसाठी एक गळ अन् हरभरा लावून पाहतो. कतल्याचा गुच्छ सोडत नाही.

पर्लकोटा

दादा, निदान गळ सहाचे दोन करा. आणि गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीनं दाबा, स्वतःच्या बोटातून काढतानाही सोपं जाईल.

तलाववाला

दोन गळाचा गुच्छ कोन म्हनन?

वडशाचा मामा

ऐक वैनगंगाकाठ. मी हरभरा लावतो, गरी उघडी ठेवतो, तुमची ती फट बी ठेवतो. शिसं सरकतंच राहीन अन् दोरी माह्या बोटावरच राहीन. ज्यानं हात वर केला त्यालेच मासा लागला असं मी मानतो.

वैनगंगाकाठ

मामा, सरकतं शिसं असेल तर ओढ लागल्या लागल्या झटका द्या, कणकेसारखी वाट पाहू नका. हरभरा कडक, मासा तो जास्त वेळ तोंडात ठेवत नाही.

नवा गडी

हरभरा किती उकडायचा? कुकरमध्ये माझा फुटला.

सरकीढेप

कुकर नको. रात्रभर भिजव, मग उघड्या भांड्यात उकळ. नखानं दबला पाहिजे पण साल फाटलं नाही पाहिजे. ज्या पाण्यात उकडला त्याच पाण्यात थंड होऊ दे, ते पाणी फेकू नको, ढेप त्यातच भिजव. सुई बाजूनं घाल, नाकाकडून घातली की दोन फाका होतात.