लेक मोठी होताना : फोटोत न सापडलेलं

लेकीचं बारसं, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, दहावीचा निकाल या सगळ्याचे फोटो प्रत्येकाकडे आहेत. ते इथे नकोत. कॅमेरा हाताशी नव्हता किंवा फोटो काढावा असं त्या वेळी वाटलंच नाही, असं काहीतरी सांगा. लहान लिहा, मोठं लिहा. 'आमची पहिल्यापासूनच हुशार' या छापाचं मात्र व्हॉट्सॅपवर ठेवा. मुलगेवाल्यांनी रागावू नये, तुमच्यासाठी वेगळा धागा काढू.

मुक्कामी गाडी, कोल्हापूर

मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. तेव्हा मशीन नव्हतं. तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल. मुक्कामी गाडीची ड्युटी लागली की रात्र परगावीच, त्यामुळं लेकीचं लहानपण मला एक दिवसाआड बघायला मिळालं.

पण मी घरात नसताना तिनं घराचीच एसटी केलेली. सोप्यात पाट मांडायचे, आज्जी पहिल्या शिटावर. खिडकीच्या गजाला नाडी बांधलेली, ती ओढून तोंडानंच टण टण डबल बेल. आज्जीनं हाफ तिकीट मागितलं तर, "कार्ड दाखवा. सगळेच म्हातारं म्हणून सांगत्यात!" मांजराला फुल तिकीट. मी घरी आलो की खाकी शर्टाच्या खिशातली रद्दी तिकिटं तिची, त्यात वाटणी नाही. माझा पंच मात्र कधी हातात दिला नाही. तो सरकारी होता आणि शिवाय एकदा तिनं रेशनकार्डाकडं फार बारकाईनं बघितलं होतं.

पाचवीला तालुक्याच्या शाळेत घातली. मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, तो काढला. पहिल्याच आठवड्यात माझीच ड्युटी त्या रूटला. गाडी खच्चून भरलेली. मी मागून "पास, पास" करत आलो, तर दप्तर पोटाशी धरून ही उभी. मला वाटलं, पप्पा म्हणेल. हिनं पास पुढं केला आणि म्हणाली, "काका, जरा लवकर बघा, माझा स्टॉप आलाय." मैत्रिणी फिदीफिदी हसायला लागल्या. मी पण ड्युटीवर, पास नीट उलटापालटा करून बघितला आणि परत दिला. घरी आल्यावर ह्या विषयावर दोघंही एक अक्षर बोललो नाही. पुढं दहावीपर्यंत गाडीत मी काकाच.

संत्रानगरीतला बाप

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी, पोरांचे लाकडी बैल दुसऱ्या दिवशी. भोसल्यांच्या काळापासूनची नागपूरची रीत. पोट्टे बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं पैसे, वसूल करतात.

आमच्या पोरीसाठी सुताराकडून चाकांचा बैल आणला. रात्री तिनं तो एकटीनं रंगवला. सकाळी पाहतो तर शिंगांना बेगड, पाठीवर झूल इथपर्यंत ठीक, पण कपाळाला टिकली आणि पायात माझ्या बहिणीचं पैंजण! मी म्हटलं, अगं, बैल आहे तो. तर म्हणे, "तुम्ही आणला तेव्हा बैल होता. आता गाय आहे. मुलींना गाय चालत नाही का?" काय बोलता बाप्पा! मोहल्ल्यात त्या गायीला सगळ्यात जास्त बोजारा मिळाला, कारण प्रत्येक घरी ती आधी भांडली आणि मग पैसे घेतले. वकील वगैरे झाली नाही हो. बँकेत आहे. तिथं भांडत असेल.

गोदाकाठ

माझी लेक जन्मतः ऐकू शकत नव्हती. तिसरं वर्ष लागल्यावर कॉक्लियर इम्प्लांट झालं. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी बाहेरचं यंत्र चालू करतात, त्याला 'स्विच ऑन' म्हणतात. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ असतात, बाळ दचकतं आणि आईकडे बघून गोड हसतं. आमची भोकाड पसरून रडली आणि डोक्यावरचं चुंबकाचं बटण उपटून फेकून दिलं. तो फोटो नाही, बरंच आहे.

यंत्र लावलं की ऐकू येतं, पण ऐकलेल्याचा अर्थ मेंदूला शिकवावा लागतो. म्हणून रोज सकाळी सहा आवाज. आ, ऊ, ई, श, स, म. बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे आवाज यांत येतात. मी तिच्या मागे बसायचे, म्हणजे ओठ दिसू नयेत. तिच्या हातात लाकडी ठोकळा, कानाशी धरलेला. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. "आ." टक. "म." टक. "स." काही नाही. पुन्हा "स." ठोकळा कानाशीच. मग ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन मॅपिंग, म्हणजे यंत्राची जुळणी, आणि पुन्हा घरी तेच. स यायला फार वेळ लागला. माझ्या सासूबाई देवपूजा सोडून दारातून बघत बसायच्या आणि ठोकळा पडला की घंटा वाजवायच्या. त्या घंटेकडेही ती वळून बघायची, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "हे तुमच्या सहात नाही, माझं सातवं."

पावसाळा आला. पाऊस तिनं आधी पाहिला होता, हात भिजवले होते. त्या दिवशी मागच्या पडवीच्या पत्र्यावर सर कोसळली आणि ती जेवता जेवता उठली. वर बोट, मग कानाला बोट, मग पुन्हा वर. मी म्हटलं, पाऊस. ती म्हणाली, "पाऊ." शेवटचा स अजून यायचा होता. भाताचा हात तसाच, पडवीत बसून राहिली. यंत्राला पाणी चालत नाही, म्हणून मी तिच्या डोक्यावर पातेल्याचं झाकण धरून उभी.

आता ती कॉलेजात आहे. मी ओरडायला लागले की सावकाश कानामागचं यंत्र काढते, ड्रायबॉक्समध्ये ठेवते आणि म्हणते, "आई, रेंज गेली." स, श सगळं अगदी स्पष्ट उच्चारून.

मुक्कामी गाडी, कोल्हापूर

ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांची घंटा म्हणजे आमची डबल बेल.

न्यू जर्सीचा बाबा

इकडे सगळे सण शनिवार-रविवारी येतात, तसा भोंडलाही. शाळेची जिम भाड्याने घेतलेली, मधे पुठ्ठ्यावर रंगवलेला हत्ती, भोवती मुली आणि आया फेर धरून. आम्ही बाबालोक बास्केटबॉलच्या रिंगखाली खिरापतीचे डबे राखत उभे. लेकीला गाणी अर्धीच यायची, पण खिरापत ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नसे. डबा हातात घ्यायचा, एकदा हलवायचा, डोळे मिटायचे. खुळखुळला तर चुरमुरे नाहीतर फुटाणे. गप्प राहिला तर शिरा. वजन आहे पण आवाज नाही, मग लाडू. एका वर्षी हिच्या आईने मुद्दाम ढोकळा केला. पोरगी दोन मिनिटं डबा कानाशी धरून बसली आणि म्हणाली, "हे मराठी नाहीये." जिममधली गुजराती मावशी सगळ्यात जोरात हसली.

फोंड्याची माय

आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट आणि तिला टांगलेली रानातली फळं, फुलं, पानं. माझ्या बाबांनी नातीला हे सगळं शिकवलं. ही बाय सात-आठ वर्षांची असल्यापासून आजोबांबरोबर माटोळीच्या बाजारात जायची, घरचं रान असलं तरी. कांगल्यो, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, लाल कवंडळं. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष हे शाळेच्या पुस्तकात ती नंतर वाचली. त्याची पंखवाली फळं आधी हातात घेतली.

बांधायचं काम शिडीवर. आजोबा खालून नाव सांगणार, ती वरून टांगणार. जड नारळ, सुपारीचा घड चौकटीच्या कडेला, हलकं मधे, नाहीतर चौकट झुकते. एकदा चौकट झुकलीच, तर आजोबांना म्हणाली, "तुम्ही पाच मिनिटं बोलू नका." मग एकटीनं सगळं सोडून पुन्हा बांधलं. बाबा बाहेर सोप्यावर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, आत इंजिनियर काम करतोय.

आता बेंगळुरूला नोकरी. चवथीच्या आधी रात्रीची कदंबा बस पकडून येते, पहाटे उतरते आणि आंघोळीच्या आधी माटोळीचं सामान तपासते. गेल्या वर्षी मला कांगल्यो कुठेच मिळाल्या नाहीत. चार दिवस बोलली नाही नीट. जाताना पुढच्या वर्षीची यादी लिहून फ्रिजवर लावून गेली, कांगल्योखाली दोन रेघा.