सात वर्षांच्या गॅपनंतर अकाउंट्समध्ये परत यायचंय: रेझ्युमे आणि कव्हर लेटरसाठी मदत हवी आहे

मोगरा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी बी.कॉम., राहणार नाशिक. २०११ ते २०१८ इथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीत ऑटो पार्ट्सच्या एका युनिटमध्ये अकाउंट्स असिस्टंट होते. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण, मग कोविड. नोकरी सुटली ती सुटलीच. आता मुलगी दुसरीत आहे, घरचं मार्गी लागलंय, परत कामाला लागायचंय. मधे अगदीच रिकामी बसले नव्हते. दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथली टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) मीच बघते, सीएंना जीएसटीचा डेटाही मीच काढून देते. पण पगार नाही आणि एक्स्पीरियन्स लेटरही नाही.

जुनाच रेझ्युमे तारखा बदलून नोकरीच्या पोर्टलवर टाकला, कन्सल्टंटलाही दिला. फोन येत नाहीत. एक आला तर पहिलाच प्रश्न, "मॅडम, सात वर्षं काय केलंत?" मी त-त-प-प.

१. गॅप लपवायचा का? भावजय म्हणते तारखाच देऊ नको, नुसतं 'सात वर्षं अनुभव' लिही.
२. दुकानाचं काम लिहिलं तर हसतील का?
३. कव्हर लेटर कोणी वाचतं का? माझ्याकडचं 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' असं सुरू होतं, शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं. नेटवरचे नमुने सगळे आयटीवाल्यांचे.

रेझ्युमेत सध्या एवढंच आहे: वर ऑब्जेक्टिव्ह (टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट वगैरे), मग 'हँडलिंग ऑल अकाउंट्स रिलेटेड वर्क', 'टॅली ईआरपी ९', 'एमएस ऑफिस', हॉबीज आणि खाली डिक्लेरेशन.

चहाबाज:
गॅप अजिबात लपवू नका. जॉइन होताना पीएफचा फॉर्म ११ भरावा लागतो, त्यात आधीची नोकरी सोडल्याची तारीख विचारतात. तिथे उघडं पडण्यापेक्षा आधीच एका ओळीत सांगून मोकळं व्हा.

ताळेबंद:
नाशिकलाच सातपूर औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं अकाउंट्स बघतो, दरवर्षी एखादी भरती असतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑब्जेक्टिव्ह, हॉबीज, वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, डिक्लेरेशन, सगळं उडवा. 'आय हिअरबाय डिक्लेअर' वाचून आजवर कोणाला नोकरी दिल्याचं मला आठवत नाही. रेझ्युमे उघडल्यावर मी एकच बघतो: हा माणूस ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर) भरणं, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरण) या धामधुमीत माझ्या उपयोगाचा आहे का. 'ऑल अकाउंट्स रिलेटेड वर्क' यातून मला काहीच कळत नाही. महिन्याला किती परचेस बिलं टाकायचात? व्हेंडर किती? बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवणं) तुमच्याकडे होतं का? जॉबवर्कची, म्हणजे बाहेर प्रक्रियेला दिलेल्या मालाची, चलनं कोण बघायचं?

मोगरा:
बिलं महिन्याला तीनशेच्या आसपास, व्हेंडर दीडेकशे. बँक रिको माझ्याकडेच. प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला जाणारा माल चलनवार परत आला का, ते रजिस्टरही मीच ठेवायचे. आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा जुन्या स्टॉकवरचं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) पुढे न्यायला ट्रान-१ हा फॉर्म भरायचा होता, त्याची स्टॉकची यादी एक्साइजच्या इन्व्हॉइसेसशी ताडून मी केली होती.

ताळेबंद:
अहो ताई, मग हे रेझ्युमेत कुठे आहे! जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर कायद्याने ती विक्री धरली जाते आणि टॅक्स बसतो. ऑटो पार्ट्सवाल्या प्रत्येक युनिटची ही डोकेदुखी आहे. अंबड-सातपूरला अर्ज करताय ना? मग अनुभवातली पहिली ओळ हीच: 'प्लेटिंग व हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्क चलनांचा हिशोब, दरमहा सुमारे ३०० परचेस बिलं, १५० व्हेंडर'. दुसरी ओळ ट्रान-१ ची. आकडे आठवतील तेवढेच टाका, फुगवू नका. इंटरव्ह्यूत मी तेच खोदून विचारतो.

दुकानाचं तर लिहायचंच. 'कौटुंबिक व्यवसाय, विनावेतन' असं सरळ लिहा, त्यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या सात वर्षांत आमच्या कामात काय काय बदललं बघा. २०२० च्या शेवटी ईआरपी ९ च्या जागी टॅली प्राइम आलं. त्याच वर्षी २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी आपल्या क्रेडिटची यादी) सुरू झालं, आणि २०२२ च्या जानेवारीपासून २बी मध्ये न दिसणारं क्रेडिट घेताच येत नाही. दुकानाची परचेस २बी शी जुळवता का? जुळवत असाल तर हे काम कालपर्यंत करणारी बाई समोर आहे, हे मला कळायला हवं. 'ईआरपी ९' वाचून मात्र वाटतं, बाई २०१८ लाच थांबल्या.

मोगरा:
प्राइमच आहे की! नाव बदलायचं सुचलंच नाही. २बी दर महिन्याला १४ तारखेनंतर उतरवून एक्सेलमध्ये जुळवते. ज्यांची बिलं दिसत नाहीत त्या पार्ट्यांना फोनही मीच करते. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं विक्रीचं बिल) मात्र कधी केलेलं नाही.

ताळेबंद:
मग ते 'येतं' म्हणून लिहू नका. ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला ते ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे, दुकानाचा त्याच्याशी संबंध आला नसेल. आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक, कुठून येतो, रद्द करायला किती वेळ मिळतो, एवढं वाचून जा. बाकी आठवड्यात हात बसतो.

रानजाई:
मी एचआरमध्ये आहे. दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट वापरू नका, पोर्टलचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उलटसुलट वाचतं. साधी एक कॉलमची पीडीएफ द्या, एक पान, फार तर दीड. पोर्टलवरच्या हेडलाइनला 'नोकरीच्या शोधात' नको, 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, जीएसटी, टीडीएस, टॅली प्राइम, नाशिक' टाका. शोधणारा हेच शब्द टाईप करतो. आणि फाइलचं नाव 'न्यू फायनल २' ठेवू नका प्लीज, रोज डझनभर येतात.

कव्हर लेटर वेगळं जोडलं तर उघडलं जात नाही, पण मेलचा मजकूर वाचला जातो. तेच तुमचं कव्हर लेटर समजा. इंग्रजी तुमचं तुम्ही करा, मजकूर साधारण असा:

'आपल्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात सात वर्षं परचेस, बँक आणि जॉबवर्कचे हिशोब पाहिले आहेत. २०१८ मध्ये कौटुंबिक कारणाने नोकरी सोडली. तेव्हापासून घरच्या दुकानाचे हिशोब टॅली प्राइमवर ठेवते आणि दरमहा २बी जुळवते. आता पूर्णवेळ कामाला तयार आहे. अंबड, सातपूर दोन्ही चालेल, लगेच रुजू होऊ शकते.'

शेवटच्या वाक्याला कमी लेखू नका. नोकरीतल्या उमेदवारांचा नोटीस पीरियड दोन-दोन महिने असतो, तुमचा शून्य आहे.

चहाबाज:
माझा अनुभव वेगळा. मेलबिल ठीक आहे, पण छोट्या युनिटांत माणूस सीएच्या शब्दावर घेतात. दिरांच्या सीएंना सांगून ठेवा, तुमचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. रेझ्युमेत रेफरन्स म्हणून त्यांचंच नाव द्या, अर्थात विचारून.

मोगरा:
सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी बसून नवीन करते. शेवटची शंका: पोर्टलवर 'करंट सीटीसी' (सध्याचा वार्षिक पगार) भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१८ चा पगार टाकू का? आजच्या मानाने तो फारच कमी दिसतो.

रानजाई:
नको, त्याच आकड्याला धरून बसतील. सध्या शून्य आहे तर शून्यच टाका, अपेक्षित पगाराच्या रकान्यात मात्र आजचा बाजारभाव लिहा. फोनवर जुना पगार विचारला तर खरा सांगा आणि लगेच त्यांनाच विचारा, "या जागेसाठी तुमचं बजेट काय आहे?"