मोटार नसलेला राज्य महामार्ग

छोट्या ग्रामीण रस्त्याला राज्य महामार्गाचा क्रमांक मिळतो तो दोन मोठे रस्ते जोडतो म्हणूनच, असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा ते खरं आहे, पण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा एम-१८५ हा महामार्ग दुसऱ्या कुठल्याच महामार्गाला जोडलेला नाही! ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटाला काठाकाठाने वळसा घालून तो निघाला तिथेच परत येतो. जेमतेम १३ किलोमीटर, आणि त्यावर मोटारींना बंदी.

ही बंदी पर्यावरणाच्या कळवळ्यातून आलेली नाही बरं का. सुरुवातीच्या मोटारींच्या फटफटीने बग्ग्यांचे घोडे बुजायला लागले, बग्गीवाल्यांनी तक्रार केली आणि गावाने १८९८ मध्ये मोटारी बंद केल्या. महामार्गाचा क्रमांक आला १९३३ मध्ये, म्हणजे बंदी आधीची आणि महामार्ग नंतरचा. आजही तिथे सायकली, घोडे आणि पायी चालणारे. अपवाद अग्निशमन बंब, रुग्णवाहिका वगैरेंचा. हिवाळ्यात स्नोमोबाइलही चालतात. रस्ता पाण्याला इतका चिकटून आहे की २०१९-२० मध्ये सरोवराची पातळी वाढल्यावर लाटांनी त्याच्या कडा खाल्ल्या. दुरुस्ती करावी लागलीच, एकही मोटार न धावता.