डोनटला मराठीत काय म्हणावं?

मेघना: पहिल्या महायुद्धावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. १९१७ साली फ्रान्समध्ये मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या) बायका आघाडीजवळ अमेरिकी सैनिकांना डोनट तळून द्यायच्या. लाटणं नव्हतं, म्हणून वाइनच्या बाटलीने पीठ लाटलं. मी 'गोड वडे' लिहिलं, संपादकांनी खोडून 'डोनट' केलं. तुम्ही काय लिहाल?

सदानंद: डोनटच. मैदा फुगवून तळलेला पदार्थ वडा कसा होईल? पाव, बिस्किट आपण जसेच्या तसे घेतलेच ना!

अश्विनी: साल्व्हेशन आर्मी १८८२ मध्ये मुंबईत आली, तिला मराठीत 'मुक्तिफौज' हे नाव मिळालं. तेव्हा जमलं, मग आता का नाही? माझं मत 'गुलगुला'. आमच्या यवतमाळकडे कणीक-गुळाचे करतात. भोक नसतं, एवढंच.

किरण: भोक तर आधी डोनटलाही नव्हतं. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने १८०९ मध्ये न्यूयॉर्कच्या डच लोकांबद्दल लिहिताना डुकराच्या चरबीत तळलेल्या गोड पिठाच्या गोळ्यांना डोनट म्हटलंय. त्यांचं डच नाव 'ओलीकुक', म्हणजे तेलातला केक. भोकाचं श्रेय अमेरिकेतल्या मेन राज्याचा दर्यावर्दी हॅन्सन ग्रेगरी स्वतःकडे घ्यायचा. १८४७ मध्ये, सोळाव्या वर्षी, मधला भाग कच्चा राहतो म्हणून मिरपुडीच्या डब्याच्या झाकणाने तो कापून काढला, असं त्याचं सांगणं.

सदानंद: 'नट' म्हणजे मुळात गाठ. पिठाची गाठ मारून तळायचे.

किरण: पटत नाही. आयर्विंग गोळेच म्हणतो. पीळ दिलेल्यांना 'क्रलर' हा वेगळा शब्द आहे.

रिव्का: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आता इस्रायलमध्ये लोदला राहतो, घरात मराठी. हनुक्का या आमच्या सणाला तेलात तळलेलं खातात, कारण जेरुसलेमच्या मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, अशी कथा आहे. इथे सगळीकडे सुफगानिया मिळते, आत जॅम, भोक नाही. आई अस्सल रेवदंड्याची, पण सुफगानियाच म्हणते. नाव बदललं तर सण हरवतो.

अश्विनी: सणाचं नाव राखावं, मान्य. पण खंदकातल्या सैनिकाचा कुठे सण होता?

सुनंदा: मेघना, 'गोड वडे' तर अजिबात नको. डोनट म्हटलं की भोक डोळ्यांपुढे येतं, आणि आमच्या रत्नागिरीकडे भोकाचा वडा श्राद्धाच्या पानातला. एरवी वड्याला भोक पाडलं तर आजी रागवायची.

प्रसाद: आमच्या मालवणात कोंबडीबरोबरच्या वड्यालाही भोक असतं. अशुभ कसलं त्यात!

सुनंदा: सगळ्या मालवणात की तुमच्याच घरात? माझी जाऊ कुडाळची, ती बिनभोकाचेच थापते.

प्रसाद: भरड कशाची घेते? आमच्याकडे नाचणी घातली की भोक पाडतातच.