विच्छेदन, उच्छेदन की नुसतं ‘काढणं’?

ओवी: लहान मुलांच्या यकृताच्या आणि पित्तनलिकेच्या दुर्मीळ कर्करोगांवर पालकांसाठी पत्रक लिहिते आहे. ‘रिसेक्शन’पाशी (शस्त्रक्रियेनं अवयवाचा भाग काढणं) अडले. मसुद्यात ‘अंशतः यकृत-विच्छेदन’ होतं. ते वाचून एका आईनं घाबरून विचारलं, “म्हणजे पोस्टमॉर्टेम?” ‘उच्छेदन’ कसं वाटतं?

गारगोटी: त्या बाईंचं काय चुकलं? मराठीत विच्छेदन शवालाच चिकटलंय. उच्छेद म्हणजे समूळ नायनाट. गाठीचा झाला तर आनंदच आहे, पण ‘यकृत-उच्छेदन’ वाचून यकृतच गेलं असं वाटतं. सरळ ‘गाठीसह यकृताचा भाग काढणं’ लिहा. लगेच पुढच्या वाक्यात हेही येऊ द्या की उरलेलं यकृत निरोगी असेल तर ते वाढून काम सांभाळतं.

तळटीप: एक भर. हेपॅटोब्लास्टोमात (यकृताचा हा कर्करोग बहुधा तीन वर्षांखालच्या मुलांना होतो) ‘प्रीटेक्स्ट’ १ ते ४ अशी वर्गवारी असते. तिचं भाषांतर ‘टप्पा’ करू नका. ‘चौथा टप्पा’ म्हटलं की माणसं हात टेकतात. यकृताचे चार विभाग मानतात आणि उपचारांआधी गाठीनं किती व्यापलेत, ते हा आकडा ढोबळमानानं सांगतो. ४ म्हणजे चारही. केमोनं गाठ आटली की पुन्हा बघतात, आणि तरीही काढता येण्याजोगी नसेल तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो. ‘चारही विभागांत गाठ’ एवढंच लिहा.

गारगोटी: ‘पित्त’ या शब्दाचं काय करणार? आपल्याकडे पित्त होतं म्हणजे छातीत जळजळतं, पित्त उठतं म्हणजे अंगावर गांधी येतात. पित्तनलिकेची गाठ म्हटलं की आजी विचारणार, आंबट जास्त खाल्लं का पोरानं?

तळटीप: शब्द ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘यकृतात तयार होणारा पित्तरस आतड्यात नेणारी नळी’ असं सांगा. मग ती तुंबली की कावीळ का होते, ते आपोआप कळतं. या नलिकेत मुलांना होणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग) कधी घडासारखा वाढतो. त्या प्रकाराला ‘बॉट्रिऑइड’ म्हणतात, ग्रीकमध्ये बोट्रिस म्हणजे द्राक्षांचा घड. (नाव देणाऱ्याला नजर होती.) ही गाठ शस्त्रक्रियेत पूर्ण निघेलच असं नाही. त्यामुळे केमो आणि किरणोपचार यांच्यावर बरीच भिस्त असते.

ओवी: किरणोपचारच ना? मी ‘किरणोत्सर्ग उपचार’ लिहिलं होतं.

तळटीप: ते आधी खोडा! किरणोत्सर्ग वाचून घरचे मुलाला जवळ घ्यायला घाबरतात. बाहेरून यंत्रानं किरण दिले तर मूल स्वतः किरणोत्सारी होत नाही.

गारगोटी: लोक ‘शेक’ म्हणतात, ‘लाईट घेतली’ म्हणतात. मला ‘शेक’ आवडतो, पण त्यानं चटका बसेल असं वाटतं. प्रत्यक्षात किरण जाताना काहीच जाणवत नाही.

ओवी: बदललेला मजकूर असा: “किरण देताना बाळाला दुखत नाही. हलू नये म्हणून अगदी लहान मुलांना प्रत्येक वेळी भूल देतात. उपचारानंतर त्याला नेहमीसारखं कुशीत घ्या.” ‘बेशुद्ध करतात’ होतं, ते मीच काढलं.

गारगोटी: झकास. फक्त ‘बाळाला’ नको, ‘मुलाला किंवा मुलीला’ करा. सहा-सात वर्षांचीही असतात, आणि त्यांना वाचता येतं.