पाचवीत नापास करून पोरगं शिकणार आहे का?

मी झेडपी शाळेवर शिकवतो, बीड जिल्ह्यात. २०२३ पासून आपल्याकडं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. माझ्या वर्गातला एक पोरगा दिवाळीला आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला तो गुढीपाडव्याच्या सुमारास परत आला. बेचाळीसातून सतरा वजा कर म्हटलं तर पाटीवर लिहितो पस्तीस, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन काढून मोकळा होतो. पण दुकानात पन्नासची नोट दिली की उरलेले पैसे बरोबर मोजून आणतो. याला नापास करून मी काय साधणार? त्याला हातचा शिकवायला कुणीतरी आठवडाभर शेजारी बसायला पाहिजे, बस.

एक पालक : सर, राग मानू नका पण ढकलपासनंच वाटोळं केलंय. माझी पुतणी आठवीपर्यंत वरवर गेली, नववीत मराठीचा धडासुद्धा अक्षर लावत लावत वाचायची, पोरं हसायची म्हणून तिनं शाळाच सोडली. पाचवीत कुणी थांबवलं असतं तर घरात आम्हाला कळलं तरी असतं. आणि तुमच्या त्या पोराचं म्हणाल तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह आहे की, तिथं का नाही ठेवला?

धागाकर्ता : ताई, पुतणीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण ती मागं पडतीय हे कळायला नापासाचा शिक्का कशाला लागतो, दुसरीतच वाचून घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. वसतिगृहाचं म्हणाल तर त्याची आजी गेल्या वर्षी वारली, धाकटी बहीण अडीच वर्षांची, उसाच्या फडावर तिला सांभाळायला हाच. आणि ती दोन महिन्यांची मुदत बघा कधी येते. निकाल १ मेच्या आसपास, पुढं सुट्टी लागते ती जूनच्या मध्यापर्यंत. शिकवायचं कुणी न् कधी?

दुसऱ्या शिक्षिका : मी इथं पालकताईंच्या बाजूनं. परीक्षा आल्यापासून आमच्याकडं पालक फेब्रुवारीतच विचारायला यायला लागलेत, आधी कुणी फिरकत नव्हतं. भीती वाईट हे मान्य, पण परीक्षा काढून टाकली की पोरगं कुणाच्या नजरेतच राहत नाही. मी दुपारी पाऊण तास तिसरी ते पाचवीची सगळी पोरं इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीप्रमाणं बसवते, अक्षरवाले वेगळे, शब्दवाले वेगळे, परिच्छेदवाले वेगळे. फरक पडतो. मात्र बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम लागलं की तो पाऊण तास पहिला जातो.

धागाकर्ता : मॅडम, हेच तर म्हणतोय मी. परीक्षा घ्या, माझी ना नाही, पण त्या पाऊण तासाला कुणी हात लावायचा नाही असा आदेश आधी निघू द्या. तो पोरगा आता रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडं बसतो, आम्ही काड्यांचे दहाचे गठ्ठे केलेत. काल त्यानं स्वतःहून एक गठ्ठा सोडला.