सिम्पसन्सच्या टायटलमध्ये एवढं काय काय चालू असतं?

फळा_खडू:
सध्या सिम्पसन्स ही अमेरिकन कार्टून सिरीज पहिल्यापासून बघायला घेतलीय. बाकी कुठल्याही सिरीजला मी बिनधास्त स्किप इंट्रो दाबतो, पण इथे हात जातच नाही. ढग बाजूला होतात, त्यांचं गाव स्प्रिंगफील्ड दिसतं, मुलगा बार्ट फळ्यावर शिक्षेची ओळ लिहितोय, बाप होमर अणुवीज केंद्रातून सुटतोय, आई मार्ज आणि तान्ही मॅगी सुपरमार्केटमध्ये, मुलगी लिसा शाळेच्या बँडमधून वाजवत वाजवत बाहेर आणि मग सगळे सोफ्यावर. आता ही नुसती पात्रांची ओळख आहे की यात काही विचारपूर्वक बांधणी आहे? आणि एवढं लांब का, आरामात मिनिटाच्या वर जातं. मॅगीला काउंटरवर स्कॅन करतात तेव्हा जो आकडा येतो त्याला काही अर्थ आहे का?

रेषा_रंग:
लांबीचं कारण अगदी व्यवहारी आहे. टायटल जेवढं मोठं तेवढं दर आठवड्याला नवीन ॲनिमेशन कमी काढावं लागतं, आणि हाताने काढायच्या काळात एकेक सेकंद महाग पडायचा. पण तेच तेच बघून लोक कंटाळतील म्हणून सिरीजचा जनक मॅट ग्रेनिंगने त्यात बदलत्या जागा ठेवल्या, फळ्यावरची ओळ आणि सोफ्यावरची गंमत, दुसऱ्या सीझनपासून लिसाचा सॅक्सोफोनचा तुकडाही बदलायला लागला. डिसेंबर १९८९ च्या ख्रिसमसच्या भागात हे टायटल नाहीये, ते जानेवारी १९९० च्या दुसऱ्या भागात आलं. शिवाय सोफ्याची जागा फार कामाची, भाग वेळेला कमी पडला की तिथे मोठा गॅग टाकायचा आणि जास्त झाला की मधलं सगळं कापून ढगांवरून थेट घरी यायचं.

गॅलरीतली_खुर्ची:
बांधणी आहेच, आणि माझ्या मते हे टीव्हीवरचं सगळ्यात विचार करून केलेलं टायटल आहे. नीट बघा, प्रत्येक जण आपल्या कामातून सुटतोय आणि कुणीच मागे वळून बघत नाही. बेल झाली की बार्ट ओळ अर्धी टाकून पळतो, भोंगा झाला की होमर हातातलं तसंच टाकतो आणि ती किरणोत्सारी कांडी त्याच्या कॉलरमध्ये अडकते, पुढे गाडीत लक्षात आल्यावर तो ती खिडकीतून रस्त्यावर भिरकावून देतो. एका वाक्याचाही संवाद नाही पण माणूस कामाला कसा आहे ते कळलं. लिसाचं बरोबर उलट, बाकीचे सुटका झाली म्हणून बाहेर पडतात आणि तिला जास्त चांगलं वाजवते म्हणून बाहेर काढतात.
मग गॅरेजसमोरचा शॉट. बार्टचा स्केटबोर्ड होमरच्या गाडीच्या टपावर आपटून खाली, लिसा सायकलवरून सर्रकन जाते, होमर दचकून वळतो तर मार्जची गाडी अंगावर, तो किंचाळत घरात. गावभर पसरलेली पाच माणसं काही सेकंदात एका दारातून आत येतात. आणि एवढा जीव घेऊन पळत आले कशासाठी, तर टीव्हीसमोर बसायला! शेवटी त्यांच्या टीव्हीच्या पडद्यावर आपल्याला श्रेयनामावली दिसते, म्हणजे ते आणि आपण एकाच कार्यक्रमासमोर बसलोय. मला तरी सगळ्या टायटलचं मर्म इथेच वाटतं, सोफा दरवेळी वेगळा वागला तरी तिथे पोचणं कधीच बदलत नाही.

कोमल_निषाद:
संगीताबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. थीम संगीतकार डॅनी एल्फमनची आहे. सुरुवातीला ढगांवर कोरस नाव गातो त्या तीन सुरांना पेटीवर हात लावून बघा, सा, तीव्र म, प. तीव्र मध्यमावर आवाज लटकतो आणि पंचमावर येऊन टेकतो, तिथेच कान ताठ होतात. पुढची मुख्य ओळही सा ग आणि परत तीव्र म, ध प ग सा अशी. बाकी सूर शुद्ध, मध्यम तीव्र आणि निषाद कोमल म्हणजे आपल्याकडच्या वाचस्पती रागाचे सूर झाले (राग नव्हे, फक्त सूर, चलन पूर्ण वेगळं आहे). शुद्ध मध्यम लावून तीच ओळ गुणगुणा, एकदम साधी बालगीतासारखी होते, सगळा अवखळपणा जातो.

रेषा_रंग:
आकड्याचं राहिलं. जुन्या टायटलमध्ये ८४७.६३ डॉलर येतात, त्या काळी अमेरिकेत एका बाळाचा महिन्याचा खर्च साधारण एवढा म्हणून तो घेतला होता. फेब्रुवारी २००९ ला एचडीसाठी सगळं टायटल नव्याने काढलं त्यात मॅगी स्कॅन झाली की बिल २४३.२६ वरून ४८६.५२ होतं, बरोबर दुप्पट. २०१० चं बँक्सीने (ओळख लपवून भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश कलाकार) केलेलं पण जरूर बघा, त्यात सोफ्यानंतर सरळ अंधाऱ्या कारखान्यात नेलंय जिथे आशियाई कामगार रांगेत बसून हीच चित्रं काढताहेत. या सिरीजचं बरंचसं ॲनिमेशन खरंच दक्षिण कोरियात होतं, त्यामुळे ते फार लागतं.

फळा_खडू:
जबरदस्त, सगळ्यांचे आभार. जुनं आणि २००९ चं लागोपाठ लावून बघितलं. नवीनमध्ये मार्जची गाडी होमरला खरोखर धडकते आणि तो उडून दारातून आत जातो. मला जुनंच आवडलं, तिथे तो स्वतःच्या पायांनी पळतो.

गॅलरीतली_खुर्ची:
मलाही जुनंच. पण नवीनमधला भिंतीवरचा टीव्ही बघा, सगळे बसल्यावर कधीकधी तो खाली पडतो, तेवढी भर मात्र चांगली आहे.